जालना जिल्ह्यांतील दोन ‘ज’

ता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हांपासून आपल्या भाषेच्या प्राचीनपणाविषयीं बोलण्याची व लिहिण्याची मोठीच लाट आली आहे. गाथासप्तशती, लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी हीं नांवें घरोघर निघूं लागलीं, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु या चर्चेंत एका गोष्टीची आठवण फारशी कोणास होत नाहीं. ती ही कीं, भाषा आधीं तोंडांत असते व मग कागदावर उतरते. आणि कागदावर जें उतरत नाहीं, त्याचेंही वय पुष्कळदां ग्रंथांइतकेंच असतें. त्या न उतरलेल्या भागाविषयीं, म्हणजे मराठीच्या ध्वनींविषयीं, चार शब्द वाचकांपुढें ठेवावे असें आम्हीं योजिलें आहे. उभा जन्म आम्हीं मुलांस संस्कृत व मराठी शिकविण्यांत घालविला. तेव्हां हा विषय आमच्या धंद्याचाच आहे असें म्हटलें तरी चालेल.

दूर कशास जा? आमच्या जिल्ह्याचें नांवच घ्या. ता. १ मे १९८१ रोजीं औरंगाबाद जिल्ह्यांतून हा जिल्हा वेगळा झाला आणि ‘जालना जिल्हा’ हे दोन शब्द पाट्यांवर व अर्जांवर नित्य दिसूं लागले. वाचकांनीं ते एकदां मोठ्यानें उच्चारून पहावे. ‘जालना’ म्हणतांना जिभेचें टोंक दांतांच्या मुळाशीं टेकतें. ‘जिल्हा’ म्हणतांना जीभ मागें सरून टाळूस लागते. पहिल्यास दंततालव्य म्हणावें, दुसऱ्यास तालव्य. अक्षर एकच, पण ध्वनि दोन. आमच्या स्टेशनावर गाडी येते तेव्हां हिंदी घोषणेंत ‘जालना’ या शब्दाचा ज तालव्य ऐकूं येतो, आणि येथें जन्मलेल्या माणसास क्षणभर दुसऱ्याच एखाद्या गांवाचें नांव घेतल्यासारखें वाटतें.

पुढील विवेचनाच्या सोयीसाठीं दंततालव्य वर्ण आम्ही खालीं टिंब देऊन दाखवूं: च़, ज़, झ़. संस्कृत व्याकरणांत चवर्ग हा सर्वस्वी तालव्य आहे. हे टिंबाचे ध्वनि त्यांत नाहींत. आपली वर्णमाला संस्कृताची. म्हणून तिच्यांत त्यांस वेगळें घर मिळालें नाहीं व ते दुसऱ्याच्या घरीं बिऱ्हाड करून राहिले. तरीही त्यांचा व्यवहार किती शिस्तीचा आहे पहा. अस्सल मराठी शब्दांत पुढें इ, ई, ए किंवा य आला कीं ध्वनि तालव्य होतो. अ, आ, उ, ओ आले कीं बहुधा दंततालव्य. ‘माझ़ा’ परंतु ‘माझी’. ‘दरवाज़ा’ परंतु ‘दरवाजे’. ‘त्याच़ा’ परंतु ‘त्याची’. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दांत पहिला च तालव्य आहे व दुसरा दंततालव्य. आम्ही लिहितों ‘माझें’ आणि बोलतों ‘माझं’. शेवटचा स्वर बदलला कीं झ सुद्धां आपली जागा बदलतो. हा नियम कोणत्याही शाळेंत घोकून घेतला जात नाहीं. तरी तीन वर्षांचें मूल तो बिनचूक पाळतें, कारण तें अक्षरानें शिकलेलें नसून कानानें शिकलेलें असतें.

परकी शब्दही या शिस्तींतून सुटले नाहींत. आमचा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. कचेरीची भाषा आधीं फारसी व मागाहून उर्दू. त्या भाषांतील ‘झेड्’सारखा ध्वनि मराठीस नवा होता. परंतु मराठीच्या घरांत ज़ होताच. पाहुण्यास त्याच्याशेजारीं बसविलें: ज़मीन, बाज़ार, हज़ार, वज़न. मात्र पाहुण्याच्या पुढें इ असेल तर त्यासही तालव्य व्हावें लागलें. ‘जिल्हा’ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा आरंभीचा ध्वनि उर्दूंत ‘झेड्’सारखाच होता, पण पुढें इकार आल्यामुळें मराठीनें त्यास टाळूकडे वळविलें. जालना जिल्ह्यांतील दोन ज चें रहस्य तें हें. अशीच दोन प्रकारांची वांटणी तेलुगु भाषेंतही आहे. निजामी राज्यांत मराठी व तेलुगु पिढ्यान्‌पिढ्या शेजारीं नांदल्या, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या साम्याचें नवल वाटत नाहीं.

संस्कृतांतून जसेच्या तसे घेतलेले शब्द, म्हणजे तत्सम, यांस मात्र हा नियम लागू नाहीं. त्यांत अ-आ पुढें असूनही चवर्ग तालव्य राहतो: चंद्र, चरण, जय, जल. यामुळें एक मौज होते. ‘जग’ म्हणजे विश्व हें तालव्य, आणि ‘ज़ग’ म्हणजे जिवंत रहा हें दंततालव्य. ‘जरा’ म्हणजे वार्धक्य तालव्य, तर ‘ज़रा’ म्हणजे थोडेंसें दंततालव्य. आमच्या वयास पहिली आली असतां मंडळी दुसरीचाच उच्चार करून आमचें समाधान करतात! ‘चार गुरें च़ार’ असें गुराख्यास सांगितलें तर तो एका चार मध्यें संख्या ऐकतो व दुसऱ्यांत काम. लिहून दाखविलें तर दोहोंत कांहींच भेद नाहीं.

सर्वांत सुंदर जोडी ‘जन’ आणि ‘जण’ यांची. मूळ शब्द एकच. तो एकदां पंडितांच्या हातून संस्कृत वेषांतच आला: ‘जन’, तालव्य ज व दंत्य न. दुसऱ्यांदा तो लोकांच्या तोंडून प्राकृताच्या वाटेनें आला: ‘ज़ण’, दंततालव्य ज़ व मूर्धन्य ण. ‘जनांत बोभाटा झाला’ आणि ‘पांच ज़ण जेवले’ या दोन वाक्यांत एकच शब्द दोन दारांनीं घरांत येऊन बसला आहे, आणि कोणत्या दारानें आला हें त्याच्या उच्चारावरून आजही ओळखतां येतें.

आतां ण व ळ यांची हकीगत सांगतों. आमच्या शेजारच्या जिल्ह्यांत गोदातीरीं पैठण आहे. सातवाहनांचें प्रतिष्ठान तें हेंच. हाल सातवाहनाच्या नांवानें चालत आलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतांत आहे. या प्राकृताविषयीं वररुचि आपल्या ‘प्राकृतप्रकाशां’त सांगतो कीं, संस्कृतांतील न चा तींत सर्वत्र ण होतो. मराठी याच वळणाची मुलगी. पण तिनें आईचा ण सरसकट ठेविला नाहीं, निवडून ठेविला. दोन स्वरांमध्यें एकटा ण होता तेथें तो राहिला: पानीय याचें पाणी, स्थान याचें ठाणें, लवण याचें लोण. जेथें जोडाक्षर झिजून प्राकृतांत दुहेरी ण्ण झाला होता, तेथें मराठींत न आला: पर्ण, पण्ण, पान, कर्ण, कण्ण, कान, जीर्ण याचें जुना, चूर्ण याचें चुना, सुवर्ण याचें सोनें, धान्य याचें धान. म्हणजे ‘पाणी’ यांत ण आणि ‘पान’ यांत न हा कोणा शास्त्रीबोवांचा लहरी हुकूम नव्हे. कोठें एक वर्ण होता व कोठें दोन होते, याचा तो दोन हजार वर्षांचा हिशेब आहे.

ळ चाही हिशेब तसाच. एकट्या ल चा ळ झाला आणि दुहेरी ल्ल चा ल राहिला. फल याचें फळ, परंतु फुल्ल याचें फूल. मूल याचें मूळ, परंतु मूल्य याचें मोल. काल याचा काळ. आणि ‘काल आलों’ यांतील काल हा संस्कृत ‘कल्य’ याचा, म्हणून तेथें ळ नाहीं. तैल याचें प्राकृतांत तेल्ल झालें होतें, म्हणून आपलें तेल ल नेंच ओघळतें. फ्रेंच पंडित ज्यूल ब्लॉक यांनीं मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथांत हे नियम व्यवस्थित मांडले. या ळ ची एक आणखी गम्मत अशी कीं, लौकिक संस्कृतानें तो टाकला असला तरी ऋग्वेदांत तो आहे, आणि तोही पहिल्याच ऋचेच्या दुसऱ्या शब्दांत. तेथें तो दोन स्वरांमधील ड चें रूप आहे आणि आपला ळ निराळ्या वाटेनें आला. पण स्थान दोघांचें एकच, मूर्धा.

इतका सारा इतिहास ज्या उच्चारांत सांठला आहे ते उच्चार शुद्ध असावे असें कोणासही वाटेल, आणि आम्हांसही वाटतें. परंतु येथेंच एक अवघड गांठ आहे. ती बाजूस सारून पुढें जाणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही अंबड तालुक्यांतील एका शाळेंत असतांना पांचवीच्या वर्गांत एक मुलगा होता. बाप दुसऱ्याच्या शेतावर सालगडी. मुलगा तरतरीत, पाठांतर चोख. वाचतांना तो ‘पाणी’ यास ‘पानी’ म्हणे, ‘कोण’ यास ‘कोन’ म्हणे, आणि ‘विहीर’ त्याच्या तोंडीं ‘इहीर’ होई. त्या वर्गास मराठी शिकविणारे गृहस्थ विद्वान् होते, पण तोंडाचे तिखट. त्यांनीं त्या मुलास उभें करून ‘पाणी’ हा शब्द पंचवीस वेळां म्हणावयास लाविलें. तो म्हणे तसतसा वर्ग अधिक हंसे. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा मोठ्यानें वाचीनासा झाला. वाचावयास सांगितलें तर उभा राही, पुस्तकाकडे पाही, आणि ओठ हालवीत नसे. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेंत आलाच नाहीं. आम्ही त्याच्या घरीं गेलों, बापास समजावून सांगितलें. बाप म्हणाला, “गुरुजी, तो म्हनतो, मला बोलतां येत न्हाई.” आपल्या घरची भाषा बोलणाऱ्या दहा वर्षांच्या मुलास आपणांस बोलतां येत नाहीं असें वाटावें, याहून मोठें नुकसान कोणत्या अशुद्ध उच्चारानें होणार आहे?

आणि न्यायानें पाहिलें तर त्या मुलाचा अपराध तरी काय? न आणि ण एक करणें ही चाल फार जुनी आहे. ज्या व्याकरणकारांनीं महाराष्ट्रींत न चा ण होतो असें सांगितलें, त्यांनींच पैशाची प्राकृतांत ण चा न होतो असेंही सांगितलें आहे. गुणाढ्याची बृहत्कथा त्या पैशाचींत होती, आणि परंपरा गुणाढ्यास प्रतिष्ठानच्याच सातवाहन राजाच्या दरबारीं बसवितें. आजचें ‘पानी’ हें पैशाचींतून आलें असें आमचें म्हणणें नाहीं. इतकेंच म्हणणें आहे कीं, परंपरेप्रमाणें गोदेच्या एकाच कांठीं ण म्हणणारे व न म्हणणारे असे दोघेही होते, आणि दोघांसही शास्त्रकारांनीं नियमांत बसविलें. हंसून उभें केलें नाहीं. ‘इहीर’ हाही नियमच आहे. इ पुढें असतांना व गळतो, म्हणून ‘वीस’ याचें ‘ईस’ व ‘विस्तव’ याचें ‘इस्तू’ होतें. वऱ्हाडांत व खानदेशांत ळ चा य होऊन ‘काळा’ याचें ‘काया’ होतें, तेंही असेंच.

शिवाय आपण स्वतःकडे तरी पहावें. ‘ऋषि’ हा शब्द आपण लिहितों मूर्धन्य ष नें, आणि बोलतों तालव्य श नें. ऋ हा संस्कृतांत स्वर आहे. महाराष्ट्रांत आपण त्यास ‘रु’ म्हणतों, उत्तरेकडे ‘रि’ म्हणतात, आणि स्वर म्हणून तो कोणाच्याच तोंडांत उरलेला नाहीं. ज्ञ म्हणजे ज व ञ यांचें जोडाक्षर. आपण ‘द्न्य’ म्हणतों, हिंदी लोक ‘ग्य’ म्हणतात. या तिन्ही ठिकाणीं आपला उच्चार शास्त्रास सोडून आहे, तरी आपणांस कोणी वर्गांत उभें करीत नाहीं. कारण उघड आहे: ही चूक शिकलेल्यांची आहे, आणि सर्वांची मिळून आहे. तेव्हां सालगड्याच्या मुलास हंसतांना आपण उच्चारास हंसत नसतों, त्याच्या घरास हंसत असतों. प्रमाण भाषा अवश्य शिकवावी. लिहितांना ‘पाणी’ च लिहावें हेंही खरें, कारण त्या ण मध्यें वर सांगितलेला हिशेब आहे. पण तो हिशेब मुलास गोष्टीप्रमाणें सांगावा; काठीप्रमाणें उगारूं नये.

कांहीं ध्वनि तर आपल्याच घरांतून निघून गेले व आपणांस कळलेंही नाहीं. प्रस्तुत लेखांत ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘सांगितलें’ अशा शब्दांवर बिंदु दिसतात. ही आमच्या वडिलांनीं आमच्या हातास लावलेली संवय. कोणे काळीं हे बिंदु शोभेचे नव्हते. तेथें स्वर नाकांतून उच्चारला जात असे. ‘नांव’ म्हणजे संज्ञा आणि ‘नाव’ म्हणजे होडी हीं दोन त्यामुळें निराळीं रहात. कोंकणांतील कांहीं बोलींत तो नाद अजून ऐकूं येतो, देशावर तो केव्हांच लोपला. मागें नुसता बिंदु राहिला, आणि १९६२ च्या लेखनविषयक नियमांनीं तोही काढला. नियम करणाऱ्यांचें चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं. जो ध्वनि तोंडांत नाहीं त्याचें चिन्ह मुलांनीं किती दिवस वहावें? मात्र यावरून बोध असा होतो कीं, ध्वनि आधीं जातो व अक्षर मागून. अक्षर राखल्यानें ध्वनि राहत नाहीं.

आपली वर्णमाला परिपूर्ण आहे, जगांतील कोणताही ध्वनि तींत लिहितां येतो, असें आपण मुलांस अभिमानानें सांगतों. स्थान व प्रयत्न यांवर रचलेली ती योजना अद्भुत आहे यांत शंका नाहीं. परंतु जग मोठें आहे. आफ्रिकेंत इथिओपियाच्या दक्षिण भागांत सोडो नांवाच्या शहराभोंवतीं वोलायता नांवाची भाषा बोलतात. तींत क, त, च यांसारख्या वर्णांचें एक जादा रूप आहे. कंठ क्षणभर मिटून घ्यावयाचा आणि तोंडांत कोंडलेली हवा फट्कन् सोडावयाची. त्यानें शब्दाचा अर्थ बदलतो. आपल्या अल्पप्राण-महाप्राणांत या ध्वनीस जागा नाहीं. उलट, आपण लिहितांना ज्या ह्रस्व-दीर्घाची एवढी काळजी घेतों पण बोलतांना इ-ई व उ-ऊ यांत फारसा भेद करीत नाहीं, तो ह्रस्व-दीर्घ भेद तेथें पांचही स्वरांत तोंडानें पाळला जातो, आणि एकेरी व दुहेरी व्यंजनांचाही भेद अर्थासाठीं राखला जातो. पूर्वीं ती भाषा इथिओपियाच्या जुन्या लिपींत लिहीत, तेव्हां हे दोन्ही भेद कागदावर दिसत नसत. आतां रोमन अक्षरांत लिहितात व दीर्घ स्वर किंवा दुहेरी व्यंजन असेल तर अक्षर दोनदां काढतात. लिपींत दिसत नव्हते त्या काळांतही ते भेद टिकले, याचें कारण एकच: आया मुलांशीं त्या भाषेंत बोलत राहिल्या.

आतां हीच गोष्ट आपल्या घरास लावून पाहूं. ण आणि ळ यांस अक्षर आहे. शाळा त्यांची थोडीफार राखण करील. परंतु च़, ज़, झ़ यांस अक्षरही नाहीं. २००९ सालीं शासनानें वर्णमालेचा आढावा घेऊन इंग्रजी शब्दांसाठीं ॲ व ऑ यांस तींत जागा दिली, पण या घरच्या तिघांस वेगळी जागा मिळाली नाहीं. शब्दकोश क्वचित् खूण करील. पण कोश पाहून कोणी बोलावयास शिकत नाहीं. हे ध्वनि केवळ एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानांत जाऊन आजवर आले. जेथें मूल मराठी प्रथम पुस्तकांत भेटतें तेथें ते जातात, आणि जातांना कागदावर एक रेघही हालत नाहीं.

आमचा नातू पुण्यास इंग्रजी शाळेंत शिकतो. घरांत मराठीच बोलतात, पण आईबाप दोघेही नोकरीवर, आणि दिवसभर कानांवर इंग्रजी व हिंदी. गेल्या वर्षीं तो सुटींत आला व मोठ्या हौसेनें मराठी पुस्तक वाचून दाखवूं लागला. अक्षर एकही चुकला नाहीं. मात्र ‘चोच’, ‘चारा’, ‘माझा’ सर्व तालव्य, जणूं कोणी हिंदी गृहस्थ मराठी वाचीत आहे. आम्हीं नियम समजावून देण्यासाठीं पाटी मागविली. इतक्यांत त्याच्या आजीनें त्याच्या हातांतलें पुस्तक मिटलें व त्यास जवळ घेऊन चिऊकाऊची गोष्ट सांगावयास घेतली. त्या गोष्टींत चिमणी तालव्य आणि तिची चोच दंततालव्य. चारा, चूल, चटका, सर्व आपापल्या जागीं. आतां रोज सायंकाळीं फोनवरून आजीची गोष्ट होते. पाटीची गरज पडली नाहीं. वर्षभरांत मुलाच्या तोंडीं ‘माझ़ा’ आणि ‘माझी’ वेगवेगळे येऊं लागले आहेत, आणि त्यास त्याचा पत्ताही नाहीं.

वाचकांस, विशेषतः घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस, आमची विनंति एवढीच आहे. अभिजातपणाचा समारंभ सरकारनें करावा, ग्रंथ विद्यापीठांनीं छापावे. पण च़, ज़, झ़ यांची राखण कोणतेंही खातें करूं शकणार नाहीं. ती स्वयंपाकघरांत, माजघरांत व ओसरीवरच होईल. मुलांस गोष्टी तोंडानें सांगाव्या, श्लोक व गाणीं कानांवरून शिकवावीं, परगांवीं वा परदेशीं असलेल्या नातवंडांशीं मराठींतच बोलावें. आणि कामास येणाऱ्या बाईचें मूल ओसरीवर बसून ‘पानी’ मागेल, तर त्यास हंसूं नये. पाणी द्यावें, जवळ बसवून घ्यावें, आणि चिऊकाऊची गोष्ट त्यालाही सांगावी.